ओळख: नाटक वर्गात नेणारा माणूस



गेला अंक वाचून एका आजींनी फोन केला, "काय हो, तुमच्या कॉव्हेंट्रीत मोटारींच्या कारखान्यांशिवाय बघण्यासारखं काही आहे का?" आहे की! आमचे बेलग्रेड थिएटर आहे. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बनी शहराचा मध्यभाग जाळून टाकला. पुढे नवे नाट्यगृह उभे राहताना युगोस्लाव्हियाच्या बेलग्रेड शहराने बीचचे लाकूड भेट पाठविले, म्हणून हे नाव. २७ मार्च १९५८ रोजी पडदा उघडला. ही संस्था नफ्यासाठी चालत नाही.

पण आज ओळख करून द्यायची आहे ती माणसाची. १९६४ साली दिग्दर्शक अँथनी रिचर्डसन यांच्या हाताखाली गॉर्डन व्हॅलिन्स नावाचे गृहस्थ आले. नवा माणूस आला की लोक विचारतात, आता कोणती नाटके लावणार? व्हॅलिन्स यांच्या डोक्यात निराळेच होते. सगळी मुले काही नाटकाला येत नाहीत, मग नाटकानेच शाळेत जावे! १९६५ मध्ये नगरपालिकेने पैसे दिले आणि नटही आणि शिक्षकही अशा माणसांची एक छोटी तुकडी शाळाशाळांतून फिरू लागली. शाळांना फी नाही. 'थिएटर इन एज्युकेशन' म्हणून ही पद्धत पुढे जगभर गेली, पण तिचे जन्मगाव आमचे.

बालमित्रांनो, हे गॅदरिंगसारखे नाही हं. गॅदरिंगला तुम्ही पाठ केलेले बोलता आणि आईबाबा फोटो काढतात. इथे नट मध्येच थांबून तुम्हालाच विचारणार, "आता मी काय करू?" आणि तुमच्या उत्तरावर गोष्ट पुढे सरकणार. आजीआजोबांना सांगायचे तर थोडे आपल्या कीर्तनासारखे. मुंबईत १८८० पासून आपल्या लोकांत कीर्तने होऊ लागली आणि आब्राहाम, योसेफ यांच्या गोष्टी मराठीतून गात सांगितल्या गेल्या. ऐकता ऐकता शिकायचे, धडा म्हणून नव्हे.

आमच्या घरातच याचा दाखला आहे. आम्ही इथे आलो तेव्हा थोरली मुलगी शाळेत तोंडच उघडत नसे. बाई म्हणाल्या, हिला इंग्रजी येत नाही. येत होते हो, पण उच्चाराला मुले हसायची. एक दिवस ही तुकडी वर्गात आली. एका नटाने म्हातारीचे सोंग घेऊन हिच्यापाशी बसून विचारले, "मला घराबाहेर काढतायत, मी कुठे जाऊ?" पोरगी ताडकन उठून म्हणाली, "आमच्याकडे चला." वर्गात कुणी हसले नाही. ती घरी आली ती बोलतच, रात्री जेवण निवून गेले तरी थांबेना.

धाकट्याच्या वाट्याला हे काही आले नाही. पैसे आटले आणि १९९६ मध्ये ती तुकडी बंद पडली. तेव्हापासून तिथे नवा माणूस आला की मी पोस्टर बघत नाही. मुलांसाठी कोण काय करणार, एवढेच विचारतो. २०२१ मध्ये 'स्ट्रिक्टली आर्ट्स' ही नाटकमंडळी काढणारे कोरी कॅम्पबेल यांच्याकडे सूत्रे आली, तेव्हाही हेच विचारले. त्यांनी २०२३ मध्ये शेक्सपिअरचे 'रोमिओ अँड ज्युलिएट' रॅप घालून बसविले. मी नाक मुरडले. नात म्हणाली, "आजोबा, पहिल्यांदाच मला सगळं कळलं!" मग माझे काय चालणार?

व्हॅलिन्स पुढे स्ट्रॅटफर्डच्या कॉलेजात गेले. नाट्याभ्यास हा विषय ए-लेव्हल परीक्षेला आला, त्यात त्यांचाच मोठा हात होता. नातीने आता नाटकाचाच विषय घेतला आहे. यातून पोट भरेल का, असे तिची आई कधी विचारत नाही. विचारतो तो मीच, आणि मग दोघी मिळून मला स्वयंपाकघरातून बाहेर घालवतात.