कुजणारं मोजलं, न कुजणाऱ्याचं काय?

आळंदीत इंद्रायणीवर फेस आला की टीव्हीवाले येतात, दोन दिवस आरडाओरडा होतो, फेस वाहून गेला की विषयही वाहून जातो. आमचं कान्हे आळंदीच्या बरंच वर. पण मावळात आपण याच नदीवर मोटारी टाकून रब्बी काढतो, म्हणून बोलतोय.

माझं मत सरळ आहे. फेस दिसतो म्हणून त्याच्यावर बोललं जातं. खरी भीती न दिसणाऱ्याची आहे.

फेस मुख्यतः साबण-डिटर्जंटचा. १९५०च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या नद्याही अशाच फेसाळायच्या. तेव्हाच्या डिटर्जंटच्या रेणूला फांद्या होत्या, जिवाणूंना तो चावता येईना. जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला, १९६५ च्या सुमारास अमेरिकी कंपन्यांनीही सरळ साखळीचा रेणू आणला. तो कुजतो, पण पाण्यात प्राणवायू असेल तर! आपण नदीत सांडपाणी जसंच्या तसं सोडतो, प्राणवायू तिथेच संपतो. मग तो कुजणार कधी?

उलटा प्रकारही असतो बघा. जुन्या लोकांना बीएचसी पावडर आठवत असेल, १९९७ ला बंद झाली. त्यातला लिंडेन नावाचा भाग कोरड्या जमिनीत बरीच वर्षं टिकायचा, पण पाणी भरलेल्या भातखाचरात, जिथे हवा नाही, तिथे लवकर तुटायचा. त्याच पावडरीतला दुसरा एक भाग मात्र भलताच चिवट. म्हणजे ‘हे औषध इतक्या दिवसांत संपतं’ असं कुणी सांगितलं तर पहिला प्रश्न विचारा, कुठल्या मातीत? दुसरा प्रश्न, संपून त्याचं होतं काय? डीडीटी तुटून डीडीई होतं आणि तेही डीडीटीसारखंच वर्षानुवर्षं टिकतं.

आता मुद्द्याचं. नदी किती घाण हे सांगताना आपल्याकडे बीओडीचा आकडा पुढे करतात. ही चाचणी म्हणजे पाणी २७ अंशाला ३ दिवस ठेवायचं आणि जिवाणूंनी किती प्राणवायू खाल्ला ते मोजायचं. शेणपाणी, मैला, अन्नाचा गाळ यासाठी चाचणी उत्तम. पण जे जिवाणू खातच नाहीत, ते या आकड्यात येणार कसं? सगळ्यात चिवट रसायन या परीक्षेत गैरहजर राहून पास होतं.

असं रसायन म्हणजे पीएफएएस. तवा चिकटू नये, कापड भिजू नये म्हणून वापरतात. यात कार्बन-फ्लोरीनचा बंध असतो, तो तोडणं मातीतल्या जिवाणूंच्या आवाक्याबाहेरचं. यातले लहान साखळीचे प्रकार पाण्याबरोबर मुळातून वर चढतात आणि पालेभाजीच्या पानात साठतात. इटलीत मितेनी नावाच्या कारखान्यामुळे सुमारे साडेतीन लाख लोकांचं पाणी यानं बाधित झालं. कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला, २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. आणि त्या कारखान्याची यंत्रं आली कुठे? आपल्याच कोकणात, लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत.

लोटे घाटाखाली, त्याचं पाणी आपल्याकडे येत नाही, हे मान्य. पण मावळातही वसाहती वाढतायत. कारखाने नकोत असं मी म्हणत नाही, घरटी एक पोरगं तिथेच कामाला आहे. म्हणणं एवढंच की कुठला कारखाना कुठली रसायनं वापरतो याची नावानिशी यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी, आणि नदीच्या व विहिरींच्या पाण्यात तीच नावं शोधून तपासणी व्हावी. नुसतं बीओडी, पीएच नको. पावसाळ्यात पूर असताना नाही, तर एप्रिल-मे मध्ये, पाणी तळाला गेल्यावर नमुना घ्यावा.

पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. कामशेत, वडगाव, टाकव्याकडच्या मंडळींनीही आपापल्या गावात द्या. अर्जाचा मसुदा हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, टाकतो.