विश्लेषण : केबलच्या रंगाने इंटरनेटचा वेग वाढतो का?

निळी केबल फास्ट, राखाडी स्लो, पिवळी सगळ्यात भारी... नवे इंटरनेट कनेक्शन घेताना असे सल्ले कानावर पडतात. उत्तर सरळ आहे : बाहेरच्या रंगाचा वेगाशी संबंध नाही. कॅमेऱ्याची केबल कोणती, फोनची कोणती, हे चटकन ओळखता यावे म्हणून रंग असतात.

वेग कशाने ठरतो?

केबलच्या आत तारांच्या चार पिळदार जोड्या असतात. त्यांची क्षमता ‘कॅट’ या श्रेणीवरून कळते आणि ती आवरणावर छापलेली असते. कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस वेग पेलते. कॅट ६ साधारण ५५ मीटरपर्यंत १० जीबीपीएस, तर कॅट ६ए तोच वेग १०० मीटरपर्यंत नेते. घरातल्या ३०० एमबीपीएसच्या प्लॅनला चांगली कॅट ५ई पुरेशी आहे.

मग रंग कुठे महत्त्वाचा?

आतल्या आठ तारांचा. त्या दोन्ही टोकांना ठरलेल्या रंगक्रमानेच लावाव्या लागतात. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, १ जीबीपीएसला चारही लागतात. एखादी तार नीट बसली नाही तर नेट चालू राहू शकते, पण वेग १००वर अडकतो. ग्राहक मात्र ३००चे पैसे भरत राहतो.

डोंगरी-उत्तनसारख्या समुद्रालगतच्या भागात केबल छपरावरून नेली असेल, तर काळे आवरण कामाचे. त्यातल्या कार्बनमुळे ते उन्हाने लवकर तडकत नाही. तडा गेला की पावसाचे पाणी आणि खारी हवा आत शिरते, तारा गंजतात. तरी नुसता काळा रंग पाहू नका. ती बाहेरच्या वापरासाठीचीच आहे ना, हे विचारा.

ग्राहकाने काय मागावे?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वस्तूचा दर्जा जाणून घेण्याचा हक्क देतो. मग बिलावर नुसते ‘लॅन वायर’ का? केबलची श्रेणी आणि तारा शुद्ध तांब्याच्या की तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमच्या, हे बिलावर यायलाच हवे. अॅल्युमिनियमची तार स्वस्त असते, पण लवकर तुटते. दोन्ही उपकरणांचे पोर्ट १ जीबीपीएसचे असूनही ‘लिंक स्पीड’ १०० दिसत असेल, तर महागडा प्लॅन घेण्याआधी केबलची टोके तपासून घ्या.