ब्रेक नाही, वय एकवीसच्या आत

घरात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा असला, की मोटारसायकलचा विषय आज ना उद्या निघतोच. आई नको म्हणते. वडील "अठरा पूर्ण होऊ दे, मग बघू" असे सांगून वेळ मारून नेतात. कायदाही वडिलांच्याच बाजूने आहे, कारण गिअरची गाडी चालवण्याचा परवाना आपल्याकडे अठराव्या वर्षाआधी मिळत नाही. आता अशी कल्पना करा, की पाचशे सीसीचे इंजिन असलेली, एकाच गिअरची आणि ब्रेक मुळीच नसलेली गाडी सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती दिली आहे, त्याला देशाच्या संघात उभे केले आहे आणि त्याचे आईवडील हे सारे पाहायला कठड्याशी येऊन बसले आहेत!

हे जत्रेतल्या 'मौत का कुआँ'चे वर्णन नाही. तो फटफटाट ऐकून आणि उडणारी माती पाहून पहिली आठवण त्याचीच येते, ही गोष्ट वेगळी. या खेळाचे नाव स्पीडवे. आपल्याकडे तो रुजला नाही आणि क्रिकेटच्या गर्दीत आपल्या वर्तमानपत्रांत त्याला जागाही होत नाही. पण पोलंड, डेन्मार्क, स्वीडन, ब्रिटन, झेक प्रजासत्ताक, ऑस्ट्रेलिया या देशांत त्याचे वेड आहे. एकवीस वर्षांखालच्या मुलांची वैयक्तिक आंतरराष्ट्रीय स्पर्धा तिथे १९७७ पासून कोणत्या ना कोणत्या नावाने भरत आली आहे. देशादेशांच्या ज्युनिअर संघांची जागतिक स्पर्धा मात्र बरीच उशिरा, २००५ मध्ये सुरू झाली. आज तिच्याविषयीच बोलायचे आहे. मोटारसायकलच्या शर्यतीत संघ कुठून आला, असा प्रश्न नवख्याला पडतो. जो तो आपल्या गाडीवर आणि आपल्या जिवावर धावणार. मग संघाचा संबंध काय?

त्याआधी खेळ थोडा समजून घेऊ. लंबगोल मैदान असते. त्यावर डांबर नाही, तर बारीक खडीची आणि भुकटीची सैलसर चादर. एका वेळी चार स्वार सुटतात आणि डावीकडे वळत वळत चार फेऱ्या मारतात. एका मिनिटाच्या आसपास सगळा कारभार आटोपतो. सुरुवातीला समोर आडव्या फिती ताणलेल्या असतात. त्या झटक्यासरशी वर गेल्या, की गाड्या सुटतात. उतावीळपणे फितीला कोणी धडकला, तर तो त्या शर्यतीतून बाद. सुटलेली गाडी ताशी शंभर किलोमीटरचा वेग तीन सेकंदांच्या आसपास गाठते. तिचे वजन आपल्या बुलेटच्या निम्म्याहून कमी आणि इंधन पेट्रोल नव्हे, मिथेनॉल.

आणि ब्रेक का नाही? ऐकताना हा वेडेपणा वाटतो, पण त्यामागे विचार आहे. चार गाड्या एकमेकींना चिकटून वळणात शिरत असताना पुढच्याने एकाएकी ब्रेक दाबला, तर मागच्याला सावरायला वेळच मिळणार नाही. कोणालाच ब्रेक नसेल, तर पुढचा एकदम थांबणार नाही एवढा भरवसा तरी प्रत्येकाला असतो. वळण घेण्याची तऱ्हाही आपल्या समजुतीच्या उलटी आहे. स्वार मागचे चाक मुद्दाम घसरवतो, गाडी तिरपी होते, हँडल उजवीकडे फिरलेले असते आणि गाडी मात्र डावीकडे वळत असते. डाव्या बुटाखाली पोलादी तळ बसवलेला असतो, तो जमिनीवर घासत जातो. या साऱ्या वेळात गाडीला दिशा देते ती उजवी मूठ, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर. भीती वाटली म्हणून रेस एकदम सोडली, तर मागच्या चाकाला पकड मिळते, गाडी सरळ होते आणि थेट कठड्याकडे निघते. घाबरणाऱ्या माणसाचा हात आपोआप जे करतो, तेच इथे सर्वांत धोक्याचे ठरते. पोरांना आधी शिकवायचे ते हेच. उजव्या मनगटाला एक दोरी बांधलेली असते. स्वार पडला, की ती ओढली जाऊन इंजिन बंद पडते. ब्रेकच्या जागी म्हणाल तर एवढेच.

हा खेळ १९२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट मेटलँड इथल्या मैदानावर, एका शेतकी संस्थेच्या कार्यक्रमात सुरू झाला असे सांगतात. जॉनी हॉस्किन्स नावाच्या उत्साही चिटणिसाकडे त्याचे श्रेय जाते, पण त्याबद्दल जाणकारांत वाद आहेत. १९२८ मध्ये खेळ इंग्लंडला पोचला आणि तिथून युरोपभर पसरला. आपल्याला त्यातले एक नाव मात्र अगदी घरचे वाटेल. जावा! म्हैसूरच्या कारखान्यातून निघालेली जावा आणि तिच्यामागून आलेली येझदी ज्यांच्या घरी होती, त्यांना ते फटफट वाजणे वेगळे सांगायला नको. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्या जावाचे माहेर झेक देशात. तिथल्या दिविशोव्ह गावी यारोस्लाव सिमांडल यांनी 'एसो' नावाने शर्यतीच्या गाड्या बनवायला सुरुवात केली होती. १९६४ मध्ये तो कारखाना जावात सामील झाला आणि पुढे कित्येक वर्षे जगातले नामवंत स्वार त्याच्या गाड्यांवर धावले. ज्युनिअर संघांची पहिली अंतिम फेरी २००५ मध्ये झाली तीही झेक प्रजासत्ताकातच, पार्दुबित्से शहरात. १९२९ पासून 'सोनेरी शिरस्त्राण' नावाची स्पर्धा भरवणारे हे शहर आहे, तेव्हा यजमान योग्यच म्हणायचा.

आता संघाच्या प्रश्नाकडे येऊ. सुरुवातीच्या वर्षांची पद्धत सोपी होती. अंतिम फेरीत चार देश. प्रत्येक शर्यतीत प्रत्येक देशाचा एकेक स्वार. लाल, निळे, पांढरे, पिवळे अशी शिरस्त्राणे, म्हणजे लांबून पाहणाऱ्यालाही कोण कुणाचा ते कळावे. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला शून्य. अशा वीस शर्यती. सगळ्याच शर्यती जिंकल्या तर संघाचे ६० गुण होतील, पण तसे सहसा होत नाही. खरी झुंज असते ती तिसऱ्या जागेसाठी. पहिले दोघे पुढे निघून गेले आहेत, आपण शेवटी आहोत, इंजिन नीट चालत नाही आणि तोंडावर पुढच्याच्या चाकाची माती उडते आहे. एकटा धावणारा अशा वेळी मनातल्या मनात शर्यत सोडून देईल. संघातला मुलगा सोडू शकत नाही. त्याने शेवटच्या वळणावर पुढच्याला गाठले, तर देशाला एक गुण मिळतो आणि प्रतिस्पर्ध्याचा एक गुण जातो. रात्री हिशेब मांडताना हाच एक गुण सापडतो किंवा सापडत नाही.

२०२२ पासून पद्धत बदलली. आता प्रत्येक शर्यतीत दोन देशांच्या दोन जोड्या उतरतात आणि गुण ४, ३, २, शून्य असे दिले जातात. यातली मेख पाहा. एका जोडीचा एक स्वार पहिला आला आणि दुसरा शेवटचा, तर मिळाले चार. समोरची जोडी दुसरी आणि तिसरी आली, तर तिचे पाच. म्हणजे एकाने बहाद्दुरी गाजवून भागत नाही. पुढे गेलेल्याने मान वळवून जोडीदार कुठे आहे ते पाहायचे, त्याच्यासाठी वाट मोकळी ठेवायची आणि प्रतिस्पर्ध्याला बाहेरच्या बाजूला अडवून धरायचे. एवढ्या वेगात, ब्रेक नसताना मागे वळून पाहणे म्हणजे काय, हे दुचाकी चालवणाऱ्या कोणालाही विचारा. मला स्वतःला ही नवी पद्धत जुनीपेक्षा अधिक आवडते. संघ या शब्दाला तिच्यात खरा अर्थ आला.

पार्दुबित्सेची पहिली अंतिम फेरी पोलंडने जिंकली. पुढची चार वर्षेही पोलंडचीच. २०१० मध्ये इंग्लंडमधल्या राय हाउसच्या ट्रॅकवर डेन्मार्कने ही मालिका मोडली आणि २०११ मध्ये रशियाने आपल्याच बालाकोवो गावी विजेतेपद मिळवले. पण त्यानंतरच्या याद्या पाहिल्या, तरी पोलंडचे नाव पुन्हा पुन्हा भेटते. डेन्मार्कचे कौतुक करावे तेवढे थोडे. साठ लाखांच्या आसपास लोकवस्तीचा देश, आणि तिथली चिमुरडी छोट्या इंजिनांच्या गाड्यांवर फार लवकर धडे गिरवू लागतात. तरीही पोलंडच पुढे का?

याचे उत्तर पोलंडच्या लीगच्या नियमांत आहे. पोलिश भाषेत या खेळाला 'झुझेल' म्हणतात. झुझेल म्हणजे कोळशाची जळकी, खडबडीत राख. पूर्वी ट्रॅकवर तीच पसरत असत. लेश्नो, गोजूफ, तोरुन्य, रिब्निक अशा गावांत रविवारी स्पीडवेचा सामना असला, की सारे गाव तिकडे लोटते. तोरुन्य हे कोपर्निकसचे जन्मगाव. तिथे २००९ मध्ये खास या खेळासाठी सुमारे पंधरा हजार आसनांचे मैदान उभारले. अशा श्रीमंत क्लबांना जगातला कोणताही नावाजलेला स्वार पैसे मोजून आणता येतो. तसे झाले, तर घरच्या पोरांना विचारणार कोण? म्हणून नियम असा, की प्रत्येक संघात एकवीस वर्षांखालचे दोन पोलिश स्वार असलेच पाहिजेत. सामन्याची दुसरी शर्यत तर फक्त या ज्युनिअर पोरांचीच. तिचे गुण मोठ्यांच्या गुणांइतकेच मोलाचे. सामना दोन-चार गुणांनी सुटला, की सगळ्यांना आठवते ती दुसरी शर्यत. साहजिकच लाखो खर्चून परदेशी स्वार आणणाऱ्या क्लबलाही आपल्या गल्लीतली दोन पोरे नीट तयार करावी लागतात. त्यांना गाडी द्यावी लागते, मेकॅनिक द्यावा लागतो, सरावाला ट्रॅक द्यावा लागतो. आधी परवान्याची परीक्षाही असते. ती पास झाल्याशिवाय सामन्यात उतरता येत नाही. अशा क्लबांतून पुढे आलेली पोरे एकत्र केली, की पोलंडचा ज्युनिअर संघ तयार.

गोजूफच्या क्लबात घडलेला बार्तोश झ्मार्झलिक हे याचे ठळक उदाहरण. १९९५ चा जन्म. २०१५ मध्ये तो ज्युनिअर गटाचा जगज्जेता झाला. २०१९ मध्ये मोठ्यांचे जगज्जेतेपद त्याने पहिल्यांदा मिळवले, आणि २०२४ पर्यंत त्याच्या नावावर अशी पाच विजेतेपदे जमा झाली होती.

एवढे कौतुक झाल्यावर दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. २२ मे २०१६ रोजी रिब्निकला लीगचा सामना होता. तार्नूफ संघाचा क्रिस्तियान रेम्पावा पहिल्या वळणांच्या गर्दीत दुसऱ्या गाडीत अडकून पडला. त्याचे शिरस्त्राण डोक्यावरून निघाले. सहा दिवसांनी, २८ मे रोजी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. वय अवघे अठरा. वडील यात्सेक आणि तिघेही काका याच खेळातले स्वार. म्हणजे या घराला धोका ठाऊक नव्हता, असे कोणी म्हणू शकत नाही. त्याच्या आधीच्या वर्षी, ऑगस्ट २०१५ मध्ये, झिएलोना गुरा इथे ऑस्ट्रेलियाचा डार्सी वॉर्ड पडला. २००९ आणि २०१० अशी लागोपाठ दोन वर्षे तो ज्युनिअर जगज्जेता होता. तेविसाव्या वर्षी पाठीच्या कण्याला इजा होऊन तो चाकांच्या खुर्चीला खिळला.

वळणांवर आता हवा भरलेल्या गाद्यांचे कठडे असतात. कोणी पडला, की लाल दिवे लागून शर्यत थांबते, ज्याच्या चुकीने ती थांबली त्याला बाद करून उरलेल्यांना पुन्हा सोडतात. डॉक्टर आणि रुग्णवाहिका हजर असते. तरीही ब्रेक नसलेल्या गाडीवर आपले पोर बसवायचे की नाही, हा प्रश्न या गाद्यांनी सुटत नाही. मला विचाराल तर मी बसवणार नाही. पण तिथल्या आईबापांना बेफिकीर म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही. परीक्षा, डॉक्टर, शिरस्त्राण, पंच यांच्या देखरेखीखाली त्यांचे पोर धावते. आपल्याकडे अठरा पूर्ण व्हायच्या आधीच, परवाना नाही, शिरस्त्राण नाही, मागे दोन मित्र, अशी गाडी हाणणारी पोरे कोणत्याही शहराच्या रस्त्यावर दिसतात. त्यांना पाहणारे आपण त्या आईबापांना काय म्हणून नावे ठेवायची?

या स्पर्धेतल्या पोरांना मात्र आणखी एका गोष्टीची धास्ती असते आणि ती म्हणजे वाढदिवसाची. एकवीस वर्षे हा या गटाचा काठ. तो ओलांडला, की ज्युनिअर संघातले स्थान संपते आणि लीगमधली राखीव जागाही जाते. काल ज्या क्लबला त्याची गरज होती, त्याच क्लबात आज त्याला अनुभवी परदेशी स्वारांशी एका जागेसाठी झगडावे लागते. ज्युनिअर असताना देशासाठी पदक आणलेली कितीतरी पोरे पुढच्या दोन-तीन वर्षांत खालच्या लीगमध्ये जातात किंवा खेळच सोडतात. क्लबांनी सांभाळलेली गाडी आणि मेकॅनिक आता स्वतःच्या खिशातून सांभाळायचे असतात. पोलंडच्या लीगलाही हे जाणवले. २०२१ च्या हंगामापासून वरच्या लीगमधल्या प्रत्येक संघात, दोन ज्युनिअरांशिवाय, चोवीस वर्षांखालच्या एका स्वारासाठी जागा ठेवण्याचा नियम झाला. काठ तीन वर्षे पुढे सरकला.