लोहचुंबक आणि शिसपेन्सील

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. वर्गांत चुंबकाचा पाठ चालला होता. मीं फळ्यावर दोन रकाने आंखले. एकावर 'चुंबकीय पदार्थ' व दुसऱ्यावर 'अचुंबकीय पदार्थ' असें लिहिलें. लोखंड, निकेल व कोबाल्ट पहिल्यांत गेलीं. लांकूड, कांच व कागद दुसऱ्यांत. तेव्हां मागच्या बांकावरील एका विद्यार्थ्यानें हातांतील शिसपेन्सील वर करून विचारलें, "सर, हिच्यावर चुंबकाचा कांहींच परिणाम होत नाहीं काय?" "कांहींच नाहीं," असें सांगून मीं त्याला खालीं बसविलें व पाठ पुढें चालू केला. माझें उत्तर चुकीचें होतें. तें कसें चुकलें हें सांगावें, व त्यावरून आमच्या शिकविण्याच्या रीतीविषयीं जें वाटूं लागलें तें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

शिसपेन्सील या नांवांतच पहिली फसगत आहे. तींत शिशाचा कणहि नसतो; ग्राफाइट व चिकणमाती यांचें तें मिश्रण असतें. ग्राफाइट म्हणजे कार्बनच, पण पातळ थरांवर थर रचलेला. मायकेल फॅरडे हे एका लोहाराचे पुत्र. लहानपणीं पुस्तकें बांधण्याच्या दुकानांत उमेदवारी केलेले. त्यांनीं १८४५ सालीं असें दाखविलें कीं, पुष्कळ पदार्थ लोहचुंबकाकडे ओढले जात नाहींत, तर किंचित् दूर लोटले जातात. या धर्मास प्रतिचुंबकत्व म्हणतात. ग्राफाइटमध्यें तो विशेष प्रबळ आहे. आपल्याच देशांत के. एस. कृष्णन यांनीं १९३० नंतरच्या दशकांत ग्राफाइटच्या स्फटिकांवर मोजमापें करून दाखविलें कीं, चुंबकीय क्षेत्र थरांशीं काटकोनांत असतां हा परिणाम कितीतरी पट अधिक होतो.

हें पाहण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाहीं. खटक्याच्या पेन्सिलींत घालावयाची बारीक कांडी रेशमी धाग्यानें मध्यावर बांधून आडवी टांगावी, वारा लागूं देऊं नये, व निकामी हार्डडिस्कमधील निओडिमियमचा चुंबक तिच्या टोंकाजवळ न्यावा. टोंक हळूहळू दूर सरूं लागतें. मीं हें प्रथम केलें तेव्हां माझ्या पदवीची मला थोडी लाजच वाटली.

पण गोष्ट येथें संपत नाहीं. २००४ सालीं मँचेस्टर येथील आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनीं साध्या चिकटपट्टीनें ग्राफाइटचे पापुद्रे काढीत काढीत अखेर एका अणूइतक्या जाडीचा थर वेगळा केल्याचें प्रसिद्ध केलें. यासच ग्राफीन म्हणतात. २०१० सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

या थराचें चुंबकीय क्षेत्रांतील वर्तन फार विलक्षण आहे. वाहत्या विद्युत्प्रवाहावर काटकोनांत चुंबकीय क्षेत्र लावलें असतां बाजूस दाब उत्पन्न होतो, हें एडविन हॉल यांनीं १८७९ सालीं सोन्याच्या पातळ पत्र्यावर पाहिलें. क्षेत्र वाढवावें तसा हा दाब सारखा वाढतो. परंतु १९८० सालीं क्लाउस फॉन क्लित्सिंग यांस अतिशीत उष्णमानांत व प्रबळ क्षेत्रांत असें आढळलें कीं, अत्यंत पातळ थरांत ही वाढ सलग नसून पायऱ्यापायऱ्यांनीं होते. त्या पायऱ्यांवरील रोध म्हणजे सुमारें २५,८१३ ओहम या राशीस पूर्णांकांनीं भागून येणाऱ्या संख्या होत. ग्राफीनमध्यें २००५ सालीं अशाच पायऱ्या सांपडल्या. पण तेथें भाजक २, ६, १०, १४ असे येतात, ४, ८, १२ असे नव्हेत.

याचें कारण असें. ग्राफीनमधील इलेक्ट्रॉन जणूं वस्तुमानच नसल्याप्रमाणें सेकंदास सुमारें दहा लक्ष मीटर, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या सुमारें तीनशेंव्या हिश्शानें धांवतात. चुंबकीय क्षेत्रांत त्यांस ऊर्जेच्या ठराविक पायऱ्यांवरच राहतां येतें. साध्या पदार्थांत त्या सारख्या अंतरावर असतात. ग्राफीनमध्यें त्या जुन्या पायविहिरीच्या झिजल्या पायऱ्यांसारख्या विषम असतात: पहिली फार उंच, पुढच्या क्रमाक्रमानें ठेंगण्या. क्षेत्र चौपट केलें तर उंची दुप्पट होते. सर्वांत तळची पायरी मात्र क्षेत्र कितीहि वाढवा, शून्यावरच राहते. ती अर्धी इलेक्ट्रॉनांची व अर्धी त्यांच्या रिक्त जागांची असल्यामुळें वरील भाजक सरकतात. पहिली पायरी इतकी उंच असते कीं, प्रबळ क्षेत्रांत हा चमत्कार साध्या खोलीच्या उष्णमानांतहि २००७ सालीं दिसून आला. आणि याच पायऱ्यांच्या आधारें मॅक्ल्यूर यांनीं १९५६ सालींच, ग्राफीन हातीं येण्यापूर्वीं, ग्राफाइटच्या प्रबळ प्रतिचुंबकत्वाचा उलगडा गणितानें केला होता. म्हणजे त्या विद्यार्थ्याचा प्रश्न नेमका या शास्त्राच्या दाराशींच येऊन उभा राहिला होता.

हें शास्त्र परदेशांतच चालतें असेंहि कोणीं समजूं नये. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मोजमापें होत. विजेच्या ट्रामगाड्यांमुळें त्यांत बिघाड होईल म्हणून १९०४ सालीं तें काम अलिबागेस नेण्यांत आलें. त्याच कुलाब्यास टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत प्राध्यापक मंदार देशमुख व त्यांचे सहकारी यांनीं तीन थरांच्या ग्राफीनचें प्रबळ चुंबकीय क्षेत्रांतील वर्तन अभ्यासिलें आहे. श्री. देशमुख यांस २०१५ सालीं शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळालें.

कोणी म्हणेल, हायस्कुलांतील मुलांना परीक्षा द्यावयाची असते. त्यांना हें सारें कशाला? माझेंहि मागणें तेवढें नाहीं. पायऱ्यांचें गणित त्यांनीं पुढें शिकावें. परंतु 'लक्षांत येण्याजोगें आकर्षण दिसत नाहीं' आणि 'कांहींच परिणाम होत नाहीं' या दोन वाक्यांत जें अंतर आहे, तें आज शिकविण्यास एक मिनिटहि लागत नाहीं. सोपें करून सांगणें हें शिक्षकाचें काम आहे. खोटें करून सांगणें नव्हे. कपाटाची किल्ली खिशांत ठेवून आम्ही रकाने पाठ करवून घेतों, आणि प्रश्न विचारणाऱ्यास खालीं बसवितों, तेव्हां पहिल्या कामाच्या नांवाखालीं आम्ही दुसरेंच करीत असतों.

माझी चूक कळल्यावर मीं फळ्यावर तिसरा रकाना आंखला, व वर्गासमोर ती कबूल केली. पण तो वर्ग दुसरा होता. नांदूरघाटच्या या परिसरांतून दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबें ऊसतोडीस जातात. तो मुलगाहि त्या वर्षीं आईबापांबरोबर गेला, तो शाळेंत परतला नाहीं. माझें उत्तर तो बरोबर घेऊन गेला. तें दुरुस्त करण्याची संधि मला मिळाली नाहीं. ज्या मुलांचे शाळेंतील दिवस मोजके, त्यांना चुकीचें उत्तर देणें इतरांपेक्षां महाग पडतें, हें मला तेव्हां उमगलें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या दप्तरांत एक तरी पेन्सील असेलच. ती घेऊन या, कांडी टांगून पाहा. आणि तुमच्या प्रश्नास मीं पुन्हां कधीं घाईनें "कांहींच नाहीं" असें उत्तर दिलें, तर खालीं बसूं नका.