प्रेशर धरत नाही

मराठी साहित्यात शीड, सुकाणू आणि नांगर विपुल आहेत. ते नादुरुस्त झाल्याचे मात्र फारसे वाचावयास मिळत नाही. रूपकातली वस्तू झिजत नाही, गंजत नाही, तिचे तेल गळत नाही. जीवननौका बुडते किंवा पैलतीराला लागते. ती दुरुस्तीसाठी ओढून काढल्याचे कोणी लिहीत नाही. आंबोलीचा घाट उतरल्याखेरीज समुद्र न दिसणाऱ्या आजऱ्यात बसून ही तक्रार करावी, याचे हसू येईल. पण तक्रार समुद्राविषयी नाही, गद्याविषयी आहे.

शिडाची जुनी बोट घ्या. डोलकाठी नुसती उभी नसते. तिला पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी पोलादी तारांनी ताणून धरलेले असते. दूर पल्ल्याच्या व शर्यतीच्या अनेक बोटींत मागच्या तारेच्या तळाशी हायड्रॉलिक सिलिंडर असतो. हातपंप मारला की तेलाच्या दाबाने दांडा आत ओढला जातो, मागची तार आखडते, डोलकाठीचा शेंडा किंचित मागे येतो आणि पुढची तार ताठ होते. ती ताठ असेल तरच पुढचे शीड सपाट राहते व बोट वाऱ्याच्या तोंडाजवळून चालते. वर्षानुवर्षे वापरलेल्या सिलिंडरातली सील कडक होतात, खाऱ्या पाण्याने दांड्यावर बारीक खड्डे पडतात. मग सकाळी दिलेला दाब दुपारपर्यंत उतरतो आणि शीड पोट काढते.

दुरुस्तीला क्रम आहे. आधी शीड चढवण्याचा एखादा मजबूत दोर शेंड्यावरून बोटीच्या मागच्या टोकाला बांधून डोलकाठी सावरून धरायची. मगच व्हॉल्व्ह सोडून दाब शून्यावर आणायचा आणि खीळ काढायची. गळती बोटाने चाचपायची नाही; दाबाखालच्या तेलाची बारीक धार कातडीतून आत शिरते, जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि हात गमावण्याची वेळ येऊ शकते. दांडा उजेडात फिरवून पाहायचा. नखाला खड्डा लागला तर नुसते सील बदलून भागत नाही, कारण तो खड्डा नवे सीलही खातो. नव्या सीलला तेल लावून त्याचा ओठ दाबाच्या बाजूला ठेवायचा. शेवटी हवा काढायची. तेल सहसा दबत नाही, हवा दबते, म्हणून थोडी राहिली तरी पंप स्पंजासारखा लागतो.

हे लिहिताना आम्हांला शब्दांसाठी समुद्रावर जावे लागले नाही. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या दुरुस्त करणाऱ्या गॅरेजात ते रोज ऐकू येतात: जॅक बसतो, सील गेले, पंपाने हवा धरली, प्रेशर धरत नाही. नामे उसनी आहेत, क्रियापदे अस्सल मराठी. 'द्रवचालित' म्हणून नाम शुद्ध करता येते. पण 'धरणे' आणि 'बसणे' यांना हे नवे अर्थ ज्यांनी दिले, त्यांनी भाषेसाठी अधिक केले असे आमचे मत आहे. (वर्गात या अर्थांची दखल घेतली जात नाही, हा भाग वेगळा.)

नौदलाची 'म्हादेई' गोव्यातल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या बोटयार्डात बांधली गेली. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने, वाटेत चार बंदरे घेत, आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये एकट्याने व कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. सहा महिला अधिकाऱ्यांच्या २०१७-१८ च्या प्रदक्षिणेत 'तारिणी'ला सुकाणूच्या बिघाडामुळे मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात जावे लागले. २०१८ मध्येच गोल्डन ग्लोब शर्यतीत टॉमींच्या 'थुरिया'ची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात मोडली आणि त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. या सफरींविषयी बोलताना आपल्याला साहस, जिद्द, तिरंगा हे शब्द चटकन सुचतात. भर समुद्रात काय निकामी झाले आणि ते कोणत्या हत्याराने सावरले, इथे आपली लेखणी अडखळते. कारण ती गोष्ट 'तांत्रिक' म्हणून आपण आधीच साहित्याबाहेर टाकलेली असते.

साहित्याच्या विद्यार्थ्याने मॅन्युअल कशाला वाचावे, असा आक्षेप येईल. वरच्या परिच्छेदातले 'आधी' आणि 'मगच' यांची अदलाबदल करून पाहा: डोलकाठी पडेल. एका क्रियाविशेषणावर इतका भार टाकणारे वाक्य आमच्या अभ्यासक्रमात आम्हांला क्वचितच भेटले. तेव्हा प्राध्यापक मित्रांना एक सुचवणी. पुढच्या परीक्षेत 'सील कसे बदलावे' यावर दोनशे शब्दांचा प्रश्न घाला, आणि उत्तरपत्रिका तपासायला गॅरेजातल्या मिस्त्रीकडे पाठवा.