चूल वाटली, पण धुराडं कुठं आहे?

गेल्या दोन-तीन हिवाळ्यांत आपल्या वस्त्यांमध्ये लोखंडी चुली आणि पाण्याचे बंब मदत म्हणून आले. कुणी वाढदिवसाला वाटले, कुणी पुरानंतरच्या मदतीत दिले. चूल कारखान्यात तयार झालेली, रंग दिलेली, दिसायला देखणी. मागच्या बाजूला धूर जाण्यासाठी चार इंची तोंडही ठेवलेलं. पण त्या तोंडाला लावायचा पाइप सोबत नव्हता. काही ठिकाणी होता, तो तीन फुटांचा. म्हणजे धूर चुलीच्या तोंडातून न निघता आपल्या तोंडासमोर निघणार, एवढाच फरक. फोटो निघाले, वाटप करणारे गेले, आणि बाया मला विचारू लागल्या, "सिस्टर, ह्येला नळी कुठनं आणायची?"

माझं मत स्पष्ट आहे. धुराड्याशिवाय दिलेली चूल ही अर्धी वस्तू आहे, आणि ती घेऊ नये. चुकीचं बसवलेलं धुराडं तर त्याहून वाईट, कारण त्याच्या भरवशावर आपण खिडकी लावून घेतो.

आधी एक प्रश्न मिटवूया. गॅस असताना चुलीची चर्चा कशाला, असं शहरातली माणसं विचारतात. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, आपल्याकडेही शेगड्या आल्या, हे चांगलंच झालं. पण २०१९ ते २१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली फक्त ५८.६ टक्के घरं स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरताना दिसली. आणि ज्यांच्याकडे सिलिंडर आहे, त्यांच्याकडेही चूल गेलेली नाही. चहा आणि भाजी गॅसवर, अंघोळीचं पाणी बंबावर, भाकरी जमलं तर चुलीवर, आणि घरात कार्य असलं की मोठं पातेलं चुलीवरच. सिलिंडरचे पैसे एकदम मोजावे लागतात, ढलप्या मात्र वखारीतून दहा-वीस रुपयांच्या आणता येतात. हे हिशेब बायकांना कुणी शिकवायची गरज नाही. म्हणून चूल आहे असं धरूनच बोललं पाहिजे.

चुलीच्या धुराने डोळे चुरचुरतात, खोकला येतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. घरातल्या धुरामुळे जगात वर्षाला सुमारे ३२ लाख माणसं अकाली मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे. त्यात न्यूमोनियाने गेलेली बाळं आहेत, तसे फुप्फुसांचे जुनाट आजार, हृदयविकार, पक्षाघातही आहेत. पण मला जास्त भीती वाटते ती न दिसणाऱ्या वायूची. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, आणि माणूस म्हणतो पित्त झालं. घरातल्या तिघा-चौघांना एकाच सकाळी "पित्त" झालं तर ते पित्त नसतं.

त्यातही निखाऱ्याबद्दल आपला फार मोठा गैरसमज आहे. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असं आपण धरतो. उलट आहे. धुमसणारा निखारा हा वायू भरपूर सोडतो. बाळंतिणीच्या खोलीत दार-खिडकी लावून, फटींत चिंध्या कोंबून निखाऱ्याची शेगडी ठेवायची पद्धत अजून चालू आहे. आई-आजीच्या मायेनेच होतं ते. पण दहा बाय दहाच्या खोलीत बाळंतीण आणि आठ दिवसांचं बाळ झोपलेलं असताना ती शेगडी ठेवणं मला अजिबात मान्य नाही. बाळाला ऊब आईच्या छातीशी, टोपी-मोज्यांनी मिळते. शेकायचंच असेल तर कापड बाहेर गरम करून आत आणा.

तर धुराडं. हा विषय आपल्याकडे नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीतून 'मगन चूल' निघाली ती १९४०च्या दशकात. हैदराबादच्या डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ साली बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तिकाच लिहिली. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने सुधारित चुलींवर बरंच काम केलं. केंद्र सरकारने १९८०च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, तो २००२ ला बंद झाला, तोवर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्याचा आकडा कागदावर आला. त्यातल्या किती आज दिसतात? गावाकडच्या एखाद्या जुन्या स्वयंपाकघरात भिंतीत अडकलेला सिमेंटचा पाइप दिसतो, खाली चूल नसते.

का, याचं उत्तर ओडिशातल्या एका अभ्यासात मिळतं. तिथे सुमारे २,६०० कुटुंबांना धुराड्याच्या चुली देऊन चार वर्षं पाहिलं. पहिल्या वर्षी बायकांच्या फुप्फुसात जाणारा धूर कमी झाला, पुढे फरक पुसला गेला. चुली फुटल्या, पाइप तुंबले, दुरुस्ती कुणी केली नाही. दुसरीकडे ग्वातेमालात धुराड्याची पक्की चूल दिली आणि ती नीट राहील याकडे लक्षही ठेवलं. २०११ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात बाळांच्या अंगात जाणारा कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर आला आणि गंभीर न्यूमोनिया सुमारे एक-तृतीयांशाने घटला. एकूण न्यूमोनियातली घट मात्र ठामपणे सांगण्याइतकी भरली नाही, हेही सांगितलं पाहिजे. धुराडं धूर कमी करतं, शून्य करत नाही.

अमेरिकेत भिंतीत बसवायच्या शेकोट्या कारखान्यातून तयार येतात. त्यांचं धुराडं दुहेरी किंवा तिहेरी पत्र्याचं असतं, आणि शेकोटी ज्या धुराड्यासह तपासून पास झालेली असते, तेच लावावं लागतं. एकाची शेकोटी आणि दुसऱ्याचा पाइप असा जोड चालत नाही. धुराड्याभोवती लाकडापासून साधारण दोन इंच मोकळी हवा ठेवतात, तिथे काहीही भरायचं नाही. साध्या एकेरी पत्र्याचा पाइप असेल तर लाकूड अठरा इंच लांब. आपल्याला तिहेरी पत्रा परवडणार नाही, पण चूल आणि धुराडं ही एकच वस्तू आहे, हे तिथून घेण्यासारखं आहे. शिवाय अठरा इंच म्हणजे आपला एक हात. टेप लागत नाही.

आता आपल्या वस्तीतलं घर डोळ्यासमोर आणा. सदर बाजार असो, राजेंद्रनगर असो, विचारे माळ असो. वर पत्रा नाहीतर कौलं, खाली लाकडी वासे, कुठे उष्म्यासाठी थर्माकोल लावलेला, आणि जूनपासून वर प्लास्टिकचा कागद. कोल्हापूरचा पाऊस म्हटलं की तो कागद आलाच. पत्र्याचा तापलेला पाइप त्या कागदातून किंवा थर्माकोलातून बाहेर काढणं म्हणजे घराला काडी लावणं. पाइप जिथून जाणार, तिथे चारी बाजूंनी एक हात लाकूड, कागद, थर्माकोल, वायर काही नको. कौलं असतील तर तेवढ्या जागेतली कौलं काढून एक लोखंडी पत्रा टाकावा आणि त्यातून पाइप काढावा. वासा आड येत असेल तर पाइपची जागा बदला, वासा तासून भागवू नका. विटांची भिंत असेल तर भिंतीतून बाहेर काढून वर न्यायलाही हरकत नाही, मात्र वळण काटकोनी न घेता तिरकं घ्या. आडवा पाइप जितका लांब, तितका धूर आळसावतो.

छत सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर थांबा. जुन्या सिमेंट पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात गेली तर वर्षांनंतर कर्करोग होऊ शकतो. ग्राइंडर लावून भोक पाडणारा मिस्त्री स्वतःही ती धूळ खातो आणि घरातल्या पोरांनाही चारतो. तो पत्रा न कापता अख्खा उतरवून त्या जागी लोखंडी पत्रा घाला. उतरवताना पाणी मारा, पोरांना बाहेर ठेवा. भंगारात मिळालेला सिमेंटचा पाइपही धुराड्याला नको, तो तापून तडकतो.

पाइप कसला? पीव्हीसी तर नकोच. होय, मी पाहिलाय लावलेला, खालचा भाग मेणासारखा वाकलेला. चुलीला लागून पहिले तीन-चार फूट काळ्या पत्र्याचा किंवा स्टीलचा पाइप घ्या, कारण जस्ताचा मुलामा फार तापला तर त्याचा धूर अंगात ताप आणतो. त्यावर जस्ती पाइप चालेल. चुलीचं तोंड चार इंची असेल तर पाइप वरपर्यंत चार इंचीच हवा, मध्येच तीन इंची केला की धूर परत फिरतो. जोड देताना वरचा पाइप खालच्याच्या आत बसला पाहिजे. पत्र्याचं काम करणारे बहुतेकजण उलट करतात, धूर सुटू नये म्हणून. पण आतून ओघळणारं काजळीचं काळं पाणी मग जोडातून भिंतीवर येतं. उद्यमनगरात काम करून घेताना हे तोंडाने सांगा आणि डोळ्याने पाहा. तळाशी झाकण असलेला टी बसवून घ्या, नाहीतर पाइप साफ कसा करणार?

उंचीवरून भांडणं होतात, ती इथेच बोलून टाकू. धुराडं छपराबाहेर निघतं तिथून किमान तीन फूट वर हवं, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्यापेक्षा दोन फूट जास्त. आपल्याकडे दहा फुटांत काय काय येतं! शेजाऱ्याचा माळा, टाकी, वाळत घातलेली गोधडी. आपल्या घरातला धूर वैनींच्या खिडकीत सोडला तर तो गेला कुठे? म्हणून पाइप बसवण्याआधी शेजारच्या घरात जाऊन चहा पीत बोलून घ्या. दोन घरांनी मिळून तारेने ताण दिला तर उंच पाइप वाऱ्यात पडतही नाही. वर टोपी हवीच, पावसासाठी. आणि वापर नसताना चिमणीत खऱ्या चिमण्या घरटं करतात, तेव्हा हिवाळ्यात पहिल्यांदा पेटवण्याआधी वाकून बघा.

पेटवल्यावर चुलीच्या तोंडाशी अगरबत्ती धरा. तिचा धूर आत ओढला गेला तर धुराडं चालतंय. बाहेर येत असेल तर कुठेतरी तुंबलंय किंवा खोलीत हवाच येत नाही. दाराखाली फट किंवा खिडकीची एक झडप उघडी ठेवा. एक्झॉस्ट पंखा लावलेल्यांनी चूल पेटली असताना तो बंद ठेवावा, कारण तो धुराड्यातला धूर उलटा घरात ओढतो.

तांब्याच्या बंबाचं वेगळं आहे. त्याच्या मधल्या नळीतूनच वरून ढलप्या टाकायच्या असतात, म्हणून तिच्यावर कायमचा पाइप बसत नाही. तो बंब न्हाणीत ठेवून दार लावणं बंद करा. ओट्यावर, उघड्यावर पेटवा आणि पाणी बादलीने आत न्या. पोरं खेळतात तिथून दूर, भाजलेल्या पोरांची ड्रेसिंग करणं काय असतं ते मला माहीत आहे.

साफसफाईचं काम कुणाचं, यावर मला पुरुषमंडळींशी बोलायचं आहे. बाई चूल पेटवते, शेणी आणते, राख काढते. छपरावर चढून पाइप ठोकायचं काम तरी तिच्याकडे देऊ नका. रोज चूल पेटत असेल तर महिन्याला एकदा, आणि पावसाआधी एकदा. काजळी दोन नाणी एकावर एक ठेवल्याइतकी जाड झाली की ती पेट घेऊ शकते, आणि पेटलेलं धुराडं भट्टीसारखं घोंघावतं. ओली लाकडं, प्लायवूडचे तुकडे, रेक्झिन, टायर जाळणाऱ्यांकडे हे लवकर होतं. आमच्याकडे काही तरुणांनी मिळून काथ्याचा लांब ब्रश केला आहे, तो विहारात ठेवतात, लागेल तो नेतो.

आणि वाटप करणाऱ्यांना विचारायचं ते असं: चुलीसोबत माझ्या छपरापर्यंत पुरेल एवढा पाइप आहे का, टोपी आहे का, टी आहे का, बसवून देणारा माणूस कोण, आणि सहा महिन्यांनी बघायला कोण येणार. घरकुलाच्या बैठकीलाही हाच प्रश्न न्या. मी पाहिलेल्या एकाही घरकुलात धूर बाहेर जायची जागा नव्हती, नकाशा काढणाऱ्याने धरूनच चाललं की इथे सगळे गॅसच वापरतील. भिंत बांधताना चार इंची भोक ठेवायला काही खर्च येत नाही.

शेवटी एक घरात सगळ्यांना सांगून ठेवा. चूल किंवा शेगडी पेटलेल्या खोलीत कुणी गुंगलेलं, उलट्या करणारं किंवा पडलेलं दिसलं, तर आधी दार-खिडक्या उघडा, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन लावा. दवाखान्यात गेल्या गेल्या "खोलीत निखारे होते" हे सांगा. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र अशा वेळी फसतं, रक्तात कार्बन मोनॉक्साइड असतानाही ते ९८-९९ दाखवतं. यंत्र चांगलं दाखवतंय म्हणून घरी परत पाठवत असतील, तर तुम्ही पुन्हा एकदा निखाऱ्याचं सांगा आणि ऑक्सिजन लावल्याशिवाय हलू नका.