साडेतीनची काउंटी

दुपारचे साडेतीन. ऑफिसमधली सगळ्यात बोअर वेळ. डबा पोटात, डोळे जड आणि एक्सेल शीटवरचे आकडे एकमेकांच्या अंगावर पडायला लागलेले. नेमके याच वेळी तिकडे इंग्लंडमध्ये सकाळचे अकरा वाजतात आणि कुठल्यातरी काउंटी ग्राउंडवर अंपायर 'प्ले' म्हणतो. एप्रिल ते सप्टेंबर, अठरा टीम्स, चार-चार दिवसांच्या मॅचेस. ना फटाके, ना डीजे, ना स्ट्रॅटेजिक टाइमआउट. तरीही आपल्याकडे कित्येकांच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात तो स्कोअर उघडा असतो. बॉस दिसला की मिनिमाइझ, बॉस गेला की मॅक्झिमाइझ!

'काउंटी कोण बघतं यार?' असं विचारणाऱ्यांसाठी सांगते. आपला कुणीतरी तिकडे गेला की आम्ही बघतो. आणि जाणाऱ्यांची लाइन बरीच जुनी आहे. फारुख इंजिनिअर १९६८ ते १९७६ लँकेशायरकडून खेळले. गावसकर १९८० मध्ये सॉमरसेटला होते. आगरकर २००४ मध्ये मिडलसेक्सला, अजिंक्य रहाणे २०१९ मध्ये हॅम्पशायरला आणि २०२४ मध्ये लिस्टरशायरला. आता तर अनेक काउंटी आपापल्या मॅचेस यूट्यूबवर फुकट दाखवतात. रात्री साडेदहापर्यंत बघा, कोण अडवतंय?

बरं, या लाइनमधला सगळ्यात फेमस किस्सा दुसऱ्याच कुणाच्या तरी दुखापतीतून सुरू होतो, हे माहितीये का? १९९२ मध्ये यॉर्कशायरने पहिल्यांदाच बाहेरच्या देशाचा खेळाडू घ्यायचं ठरवलं. त्यांनी निवडला होता ऑस्ट्रेलियाचा फास्ट बोलर क्रेग मॅकडरमॉट. तो जायबंदी झाला आणि त्याच्या जागी गेला आपला एकोणीस वर्षांचा सचिन. १६ मॅचेस, १०७० रन्स. सेंच्युरी फक्त एक. आज असा सीझन झाला तर ग्रुपवर कुणीतरी लगेच टाकेल, 'कन्व्हर्जन रेट वीक आहे, बॉस.'

हो, ग्रुप. पनवेलमध्ये आमचा एक आहे. दोन आयटीवाले, एक सीए, एक फिजिओथेरपिस्ट आणि मी. शनिवारी संध्याकाळी वडाळे तलावाला दोन राउंड मारायचं ठरलेलं असतं. प्रत्यक्षात अर्धा राउंड होतो आणि मग बाकड्यावर बैठक. हातात वडापाव आणि तोंडात कुणाच्या तरी फिटनेसवर लेक्चर. कोण जाड झालाय, कुणाचा स्पीड उतरलाय, कोण 'संपलाय'. आठवडाभर दहा-दहा तास खुर्चीत बसणारी माणसं, ज्यांना जिना चढताना धाप लागते, ती दिवसाला वीस ओव्हर्स टाकणाऱ्याला अनफिट म्हणतात. गंमतच आहे ना?

२०२५ च्या उन्हाळ्यात या बाकड्यावर कडाक्याची भांडणं झाली. भारताची इंग्लंडमधली पाच टेस्टची सीरिज चालू होती. बुमराह पाचपैकी तीनच खेळणार, हे आधीच ठरलं होतं. सिराज पाचही खेळला, १८५.३ ओव्हर्स टाकल्या, २३ विकेट्स काढल्या. त्यात भारताने जिंकलेल्या दोन्ही टेस्ट नेमक्या बुमराह नसतानाच्या! मग काय, सीएसाहेबांनी ताळेबंदच मांडला. 'जो रोज कामावर येतो तोच खरा एम्प्लॉयी.'

तेव्हा आमची फिजिओ बोलली. ती शक्यतो बोलत नाही, पण बोलली की बाकीचे गप्प. तिचं म्हणणं सिम्पल होतं. फास्ट बोलरचा पुढचा पाय क्रीजवर आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर त्यातून वर जातो. प्रत्येक बॉलला. गुडघा, कंबर, पाठ सगळं ते झेलतं. खरा धोका नुसत्या जास्त ओव्हर्सचा नाही, अचानक वाढलेल्या ओव्हर्सचा आहे. दोन महिने टी-ट्वेंटीत चार-चार ओव्हर्स आणि मग एकदम टेस्टमध्ये दिवसाला वीस. हाडाला तयार व्हायला वेळच मिळत नाही. बुमराहच्या पाठीची २०२३ मध्ये सर्जरी झाली आहे. २०२५ च्या जानेवारीत सिडनी टेस्टमध्ये तीच पाठ पुन्हा धरली. 'तो कामचुकार नाहीये. त्याची पाठ वेगळी, सिराजची वेगळी,' ती म्हणाली आणि वडापावचा कागद चुरगाळून उठली.

मला वाटतं, काउंटीची खरी मजा इथे आहे. आपण फॉर्म आणि फिटनेस हे दोन शब्द एका दमात बोलतो, जणू जुळे भाऊ. पण फॉर्म आठवड्यात दिसतो. फिटनेस दिसायला अख्खा सीझन लागतो.

आणि याचं बेस्ट उदाहरण आपल्या श्रीरामपूरचं आहे. झहीर खान.

२००६ च्या सुरुवातीला, पाकिस्तान दौऱ्यानंतर झहीर टीमबाहेर गेला. श्रीशांत, मुनाफ, आर. पी. सिंग अशी नवी पोरं आली होती. झहीरचं वय सत्तावीस. म्हणजे तुमच्या-माझ्याएवढं! ज्या वयात आपण 'मी काय करतोय माझ्या लाइफचं' असं रात्री दोन वाजता मित्राला मेसेज करतो, ते वय. त्याने काय केलं? वूस्टरशायरचं काँट्रॅक्ट घेतलं. तेही डिव्हिजन टू मध्ये. आपल्याकडे टीव्हीवर नाही, पेपरात फार तर दोन ओळी. तिकडे त्याने रन-अप आखूड केला आणि दिवसामागून दिवस बोलिंग केली. सीझनच्या शेवटी विकेट्स ७८! एसेक्सविरुद्ध एका इनिंगमध्ये दहापैकी नऊ. वूस्टरशायर वरच्या डिव्हिजनमध्ये गेलं आणि वर्ष संपायच्या आत झहीर साउथ आफ्रिकेच्या दौऱ्यावर भारतीय टीममध्ये होता.

पुढच्या वर्षी, २००७ मध्ये, नॉटिंगहॅमची टेस्ट. झहीर बॅटिंगला आला तर पिचवर जेली बीन्स पडलेले. इंग्लंडच्या पोरांचा टाइमपास. झहीर भडकला आणि मॅचमध्ये नऊ विकेट्स काढून मॅन ऑफ द मॅच झाला. भारताने ती सीरिज १-० जिंकली, १९८६ नंतर इंग्लंडमधली पहिलीच. लोकांना जेली बीन्स आठवतात. मला त्याआधीचा डिव्हिजन टू मधला उन्हाळा जास्त महत्त्वाचा वाटतो.

आपण पनवेलकरांना हे समजायला सोपं आहे. हार्बर लाइनचं हे लास्ट स्टेशन. बाहेरचे लोक म्हणतात, 'बाप रे, अगदी शेवटी राहता?' पण सकाळी इथूनच गाडी सुटते आणि विंडो सीट इथेच मिळते. झहीर वूस्टरला गेला तेव्हा बहुतेकांना वाटलं, लास्ट स्टेशन आलं. त्याने तिथून गाडी पकडली.

पण स्टोरी इथे संपवली तर ती नुसती मोटिव्हेशनल पोस्टर होईल. तेव्हा चार वर्षं पुढे या. २०११. झहीर वर्ल्ड कप जिंकून आलेला, २१ विकेट्स घेऊन शाहिद आफ्रिदीबरोबर यादीत टॉपवर. यापेक्षा चांगला फॉर्म कुठला? जुलैत लॉर्ड्सला पहिल्याच दिवशी त्याने १३.३ ओव्हर्स टाकल्या, दोन विकेट्स काढल्या आणि मांडीचा मागचा स्नायू धरून बाहेर गेला. त्या सीरिजमध्ये तो परतलाच नाही. भारत ०-४ हरला. बोलर तोच, देश तोच, स्किलही तेच. २००७ मध्ये शरीर साथीला होतं, २०११ मध्ये नव्हतं. एवढाच फरक.

म्हणून काउंटीचं स्कोअरकार्ड बघताना रन्स आणि विकेट्सच्या पलीकडे तीन गोष्टी बघा. एक, बोलरने दिवसाच्या शेवटच्या सेशनमध्ये किती ओव्हर्स टाकल्या. सकाळी सगळेच फ्रेश असतात. दोन, लागोपाठ किती मॅचेस खेळला. तीन, मध्ये गायब झाला असेल तर परत आल्यावर पहिल्या मॅचमध्ये किती बोलिंग केली. यातून जे कळतं ते हायलाइट्समधून कधीच कळणार नाही.

बॅट्समनच्या बाबतीत तर अजून जपून. रहाणेने २०१९ मध्ये हॅम्पशायरकडून पहिल्याच मॅचमध्ये ११९ केल्या. सगळे खूश, 'रहाणे इज बॅक!' मग उरलेल्या मॅचेसमध्ये तो चाचपडत राहिला. लगेच सूर बदलला, 'संपला.' ऑगस्टमध्ये अँटिग्वाला टेस्ट झाली. ८१ आणि १०२, मॅन ऑफ द मॅच. दोन्ही वेळा आपण घाई केली होती.

आणि पृथ्वी शॉ? विरारच्या या पोराबद्दल तर बाकड्यावर सगळ्यात जास्त तोंडसुख घेतलं जातं. ऑगस्ट २०२३, नॉर्दॅम्प्टन. सॉमरसेटविरुद्ध वन-डे कपमध्ये १५३ बॉल्समध्ये २४४! पुढच्या मॅचमध्ये डरहॅमविरुद्ध नाबाद १२५. चार मॅचेसमध्ये ४२९ रन्स. फॉर्म म्हणाल तर आकाशात. पण त्याच डरहॅमच्या मॅचमध्ये फिल्डिंग करताना गुडघा गेला आणि सीझन खल्लास. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईने त्याला रणजी टीममधून वगळलं. मग त्याच्या वजनावर, पोटावर, डाएटवर ज्याने त्याने मत दिलं. २०२५ मध्ये तो महाराष्ट्राकडे आला आणि चंडीगडविरुद्ध २२२ ठोकल्या.

यातून त्याचं करिअर मार्गी लागलं असं मी म्हणत नाहीये. एका इनिंगवरून ते ठरत नसतं, आणि एका फोटोतल्या पोटावरूनही ठरत नसतं. शिस्त, मेहनत यावर सिलेक्टर्सनी बोलावं, तो त्यांचा जॉबच आहे. आपण मात्र फक्त निकाल देतो, तेही दुसऱ्याच्या शरीरावर.

दोस्तांनो, हे सगळं क्रिकेटपुरतं नाही, हे एव्हाना लक्षात आलंच असेल. मार्च-एप्रिलमध्ये अप्रेझल होतं. शेवटच्या दोन महिन्यांचा फॉर्म बघून वर्षभराचा निकाल लागतो. कुणी बेंचवर जातं, कुणाला छोट्या प्रोजेक्टवर, छोट्या शहरात पाठवतात. वाटतं, झालं, डिव्हिजन टू! तिथे तुम्ही सकाळ-संध्याकाळ किती ओव्हर्स टाकताय, याचा स्कोअर कुणी ठेवत नाही. तो तुम्हालाच ठेवावा लागतो. आणि शेजारच्या टेबलावरचा कुणी चार महिने ढेपाळला असेल, तर त्याच्या कॅबिनबाहेर पडलेल्या चेहऱ्यावरून ठरवू नका. पाठ दुखत असेल. किंवा अजून काही, जे स्कोअरकार्डवर येत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर 'संपला हा' असं टाइप कराल, तेव्हा सेंड दाबायच्या आधी जरा ओव्हर्सचा कॉलम बघा. आणि हो, शनिवारी तलावाचा राउंड पूर्ण करा. वडापाव नंतर.